प्रस्तावना : लोणी, हिरडा आणि मेणाची डबी

ज्या घरात सकाळी ताक घुसळले जाते त्या घरातल्या मुलामुलींना प्रसाधने घडवण्याच्या शास्त्राचा पहिला धडा शिकवावा लागत नाही, फक्त त्यातल्या गोष्टींची नावे सांगावी लागतात. भोर तालुक्यात आणि वेल्ह्यात (कागदोपत्री आता राजगड तालुका, बोलण्यात अजून वेल्हेच) अशी घरे पुष्कळ आहेत. डोंगरमाथ्यावरच्या गवळी-धनगरांच्या वाड्यांचा संसार तर पिढ्यान्‌पिढ्या लोण्या-तुपावरच चालला. म्हणून त्वचेच्या आणि केसांच्या प्रसाधनांच्या या शास्त्राची ओळख मी रवीपासून करून देणार आहे. परदेशी अत्तरे आणि दूरचित्रवाणीवरच्या जाहिराती यांनी जरा बाहेर ओटीवर बसावे.

दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले चरबीचे सूक्ष्म थेंब. थेंबाचा व्यास सरासरी तीन-चार मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण विसावा हिस्सा. प्रत्येक थेंबाभोवती प्रथिने आणि फॉस्फोलिपिड यांचे पातळ आवरण असते, त्यामुळे थेंब एकमेकांना भिडले तरी एकजीव होत नाहीत. दोन न मिसळणारे द्रव असे एकात एक नांदू लागले की त्याला इमल्शन म्हणतात. दुधात तेल आत आणि पाणी बाहेर असते. रवी फिरू लागली की आवरणे फाटतात, थेंब एकमेकांना चिकटतात, आणि एका क्षणी सगळा मामला उलटतो. आता चरबी बाहेर, पाण्याचे थेंब आत. लोणी ते हेच. बाजारच्या लोण्यात सोळा टक्क्यांपर्यंत पाणी असते, घरच्या गोळ्यात त्याहून जास्तच. बाटलीतले पातळ लोशन बहुधा दुधाच्या बाजूचे असते, डबीतले तेलकट कोल्ड क्रीम लोण्याच्या बाजूचे. तेल आणि पाणी यांतले कोण बाहेर राहील हे बऱ्याच अंशी मध्यस्थ ठरवतो, म्हणजे इमल्सिफायर. हा मध्यस्थ पाण्याकडे किती झुकतो आणि तेलाकडे किती, याला विल्यम ग्रिफिन यांनी १९४९ मध्ये एक आकडा दिला. तो एचएलबी आकडा आजही या धंद्यात रोज वापरला जातो.

चैत्र-वैशाखात आजी ताकात थंड पाणी घालते आणि थंडीत कोमट. तिला विचारले तर ‘नाहीतर लोणी येत नाही’ एवढेच सांगेल, आणि ते पुरेसे आहे. चरबी काही घट्ट, काही पातळ अशा अवस्थेत असेल तरच थेंब एकमेकांत अडकतात. पूर्ण वितळलेली असेल तर नुसते तेल तरंगते, पूर्ण गोठलेली असेल तर आपटून आपटून हात दुखतात. क्रीमच्या कारखान्यात कढईजवळचा कामगार तापमापीकडे टक लावून असतो तो याच कारणाने. मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. त्यात घालायचे पाणीही तितकेच तापवून घ्यावे लागते. गार पाणी ओतले की मेणाच्या कण्या होतात आणि त्या कण्या पुढे कितीही घोटले तरी जात नाहीत.

लोणी कढवले की पाणी उडून जाते. तुपात ते अर्ध्या टक्क्याहून कमी उरते. लोणी चार दिवसांत वास मारू लागते आणि तूप महिनोन्‌महिने टिकते, ते मुख्यतः यामुळे. जिवाणू आणि बुरशी यांना जगायला पाणी लागते, आणि तेही त्यांच्या हाती लागेल असे मोकळे पाणी. या पुस्तकातले परिरक्षणाचे, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्हचे, मोठे प्रकरण याच निरीक्षणावर उभे आहे. ‘आमच्या क्रीममध्ये प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ असे कोणी अभिमानाने सांगितले, तर त्याला एकच विचारायचे : मग त्यात पाणी आहे का? असेल तर वेल्ह्याच्या पावसाळ्यात, जिथे भिंतीवरही हिरवे शेवाळ धरते, तिथे त्या डबीचे काय होईल ते सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

याच मालिकेतली चौथी वस्तू आहे शतधौत घृत. चरकसंहितेत तिचा उल्लेख येतो. तांब्याच्या परातीत तूप घ्यायचे, त्यात पाणी घालून तळहाताने घोटायचे, पाणी ओतून टाकायचे, पुन्हा नवे घालायचे. असे शंभर वेळा. पिवळे, रवाळ तूप हळूहळू पांढरे, मऊ, लोण्यासारखे होते आणि त्याचा तुपट वास जातो. पाण्याचे बारीक थेंब चरबीत अडकतात, त्यांच्यावरून प्रकाश विखुरतो, म्हणून ते पांढरे दिसते. त्वचेवर लावल्यावर ते पाणी उडू लागते, म्हणून गार वाटते. (भाजल्यावर मात्र आधी वाहते पाणी आणि मग दवाखाना. परात नंतर.)

दूध, लोणी, तूप, धुतलेले तूप. बाहेरून घातले ते फक्त पाणी. बाकी उष्णता, हात आणि क्रम. एकाच चरबीच्या या चार वस्तू दिसतात वेगळ्या, टिकतात वेगळ्या, अंगाला लागतात वेगळ्या. मला या प्रस्तावनेत जे सांगायचे आहे ते एवढेच आहे : प्रसाधन त्यातल्या घटकांच्या यादीने ठरत नाही, त्या घटकांच्या घडणीने ठरते. पुढची सगळी पाने याच वाक्याचा तपशील आहेत.

हे इथे, सह्याद्रीच्या कुशीत, जास्त ठासून सांगावे लागते. कारण आपल्याकडे घटकांची श्रीमंती आहे. भोरकडच्या खोऱ्याचे जुने नावच हिरडस मावळ. हिरडा, बेहडा, करंज, शिकेकाईच्या काटेरी वेली, ओढ्याकाठचा नागरमोथा, कड्यावरच्या आग्या मोहोळांचे मेण, आणि वरंधा घाट उतरला की कोकणातले कोकम. एवढे हाताशी असले की माणसाला वाटते, वाटले, गाळले, बाटलीत भरले की झाले उत्पादन. दिवाळीच्या आधी बाजारात येणाऱ्या उटण्यांच्या पुड्यांपर्यंत हे चालून जाते, कारण उटणे कोरडे असते आणि चार दिवसांत संपते. ज्या दिवशी त्याच वनस्पती पाण्यात उतरवून क्रीममध्ये घालायच्या ठरतात, त्या दिवशी खरा अभ्यास सुरू होतो.

हिरडाच घ्या. त्याचा जीव आहे टॅनिनमध्ये. टॅनिन प्रथिनांना धरते, म्हणून हिरडा तोंडात टाकला की जीभ आखडते, आणि म्हणूनच तो कातडी कमावायला वापरला गेला. हेच टॅनिन लोखंडाला भेटले की निळसर काळे होते. लोखंडी कढईत आवळा-हिरडा रात्रभर भिजवून केस काळे करण्याची घरगुती रीत या एका रासायनिक क्रियेवर चालते, आणि ती सुंदर क्रिया आहे. पण पांढऱ्या क्रीममध्ये हिरड्याचा अर्क घातला आणि भांड्यातून, पाण्यातून किंवा चमच्याच्या गंजातून लोहाचा अंश गेला, तर आठवड्याभरात क्रीम राखाडी पडते. केसांच्या कंडिशनरमध्ये धनभारित घटक असतात. त्यात टॅनिन घातले की दोघे एकमेकांना धरून तळाशी बसतात. म्हणजे हिरड्याचा गुण तोच, एका घडणीत तो कामाचा आणि दुसऱ्या घडणीत घातक. यावर उपाय आहेत : स्टेनलेस स्टीलची भांडी, लोहाला बांधून ठेवणारा ईडीटीएसारखा घटक, योग्य आम्लता. पण उपाय सुचायला आधी दोष कशामुळे झाला ते कळावे लागते.

आणि कोणता हिरडा? गोळा करणाऱ्यांना बाळहिरडा वेगळा, चांभारी वेगळा, सुरवारी वेगळा हे चांगले ठाऊक असते. भाव त्यावरच ठरतो. पाककृती लिहिणारे मात्र नुसते ‘हिरडा पाच ग्रॅम’ असे लिहून मोकळे होतात. कोवळ्या फळातले आणि पिकल्या फळातले टॅनिन सारखे नसते, पावसात भिजलेल्या आणि नीट वाळवलेल्या मालात तर फारच फरक. कच्च्या मालाची प्रत निश्चित करणे या कंटाळवाण्या कामाला या पुस्तकात लांबलचक जागा दिली आहे. ती वगळून पुढे जाऊ नये, अशी विनंती.

आता हे सगळे ज्याच्यावर लावायचे त्या त्वचेकडे. तिचा सर्वांत वरचा थर अंगावर बहुतेक ठिकाणी दहा ते वीस मायक्रोमीटर जाडीचा असतो, आणि तो मृत पेशींचा असतो. मृत म्हणजे निरुपयोगी नव्हे. राजगडाच्या तटबंदीत घडीव दगड आणि त्यांच्या सांध्यांत चुना दिसतो. या थरातही चपट्या पेशींच्या सांध्यांत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले भरलेली असतात. विटा आणि चुन्याची ही कल्पना पीटर इलायस या अमेरिकी त्वचाशास्त्रज्ञांनी रूढ केली. चुना निघाला की आतले पाणी बाहेर जाते, त्वचा कोरडी पडते, भेगाळते, आणि बाहेरचे नको ते आत शिरते. बऱ्याचशा क्रीमचे काम म्हणजे या सांध्यांची डागडुजी : वरून झाकणारे, पाणी धरून ठेवणारे आणि खडबडीतपणा भरून काढणारे, असे तीन तऱ्हेचे घटक, वेगवेगळ्या प्रमाणात.

भेगांवर कोकणातून येणारे मुठेल लावणारी पिढी अजून हयात आहे. कोकमाच्या बियांचे हे घट्ट तेल साधारण चाळीस अंशांच्या आसपास वितळते. त्वचेचे तापमान त्याहून कमी, म्हणून ते टाचेवर पटकन ओघळत नाही, भेगेत बसून राहते. त्यात स्टिअरिक आणि ओलिइक ही मेदाम्ले मोठ्या प्रमाणात आणि एका ठरावीक रचनेत असतात. तो घट्टपणा त्या रचनेचा आहे. चेहऱ्याला लावायच्या क्रीममध्ये मात्र तेच जास्त झाले तर मेणचट वाटते.

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, सामू साधारण साडेचार ते साडेपाच. साबणाच्या वडीचे पाणी नऊ-दहाच्या घरात जाते. शिकेकाईचा काढा आम्लाच्या बाजूला असतो. शिकेकाई आणि रिठा यांतले सॅपोनिन हे निसर्गाने दिलेले सरफॅक्टंट : रेणूचे एक टोक पाण्याकडे, दुसरे तेलाकडे. आपल्याकडे बेसाल्ट खडकातल्या विहिरी-बोअरचे पाणी जड. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असते आणि साबण त्यांच्याशी जोडला जाऊन केसांवर चिकट साका धरतो. शिकेकाईचा तसा साका होत नाही. याचा अर्थ शिकेकाई सर्वगुणसंपन्न असा करू नये. ती डोळ्यांत गेली की काय होते ते प्रत्येक लहान मुलाला ठाऊक आहे, आणि तिचा काढा दोन-तीन दिवसांत आंबतो. शिकेकाईचा टिकाऊ, डोळ्यांना न झोंबणारा आणि तरीही केस स्वच्छ करणारा शांपू करायला बसा, म्हणजे वर सांगितलेली सगळी प्रकरणे एकाच बाटलीत भेटतील.

या विद्येला आपल्याकडे लेखी परंपराही आहे, आणि ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या पोथ्यांतून वर आली. तिथले क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी ‘गंधवाद’ नावाच्या एका ग्रंथाच्या दुर्मिळ पोथीवर लिहिले. त्या ग्रंथाला मराठी टीका आहे, आणि गोड्यांनी त्याचा काळ इ. स. १३५० ते १५५० च्या दरम्यान ठरवला. अत्तरे, उटणी, धूप कसे करावेत हे मराठीत समजावून सांगणारा माणूस इतक्या जुन्या काळी होता. मराठीत हा विषय शिकवता येईल का, असे विचारणाऱ्यांना मी या पोथीचे नाव सांगतो. त्याच्याही फार आधी, सहाव्या शतकात, वराहमिहिराने बृहत्संहितेत सोळा सुगंधी द्रव्यांतून चार-चार निवडली तर किती मिश्रणे होतात याचा हिशेब दिला : १८२०. प्रमाणे बदलत गेली की आकडा आणखी फुगतो. घटक थोडे, घडणी हजारो, हे त्याला गणितातून दिसले होते.

अलीकडचा इतिहास मुंबईकडचा आहे. इ. एस. पाटणवाला यांनी १९१९ च्या सुमारास ‘अफगाण स्नो’ बाजारात आणला आणि ‘स्नो-पावडर’ हा जोडशब्द घराघरांत गेला. स्नो या जातीच्या क्रीममध्ये स्टिअरिक आम्ल घेऊन त्यातल्या थोड्याच भागाचा अल्कलीने साबण केला जातो. मध्यस्थ बाहेरून आणावा लागत नाही, कढईतच तयार होतो. उरलेल्या आम्लाचे बारीक स्फटिक मोत्यासारखी झाक देतात आणि पाणी उडून गेल्यावर क्रीम ‘गायब’ होते. केशव विष्णु पेंढरकरांनी १९५२ मध्ये सुरू केलेल्या विको कंपनीची हळदीची क्रीम औषध की प्रसाधन, हा वाद अबकारी कराच्या निमित्ताने वर्षानुवर्षे चालला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तो औषधाच्या बाजूने निकाली निघाला. नावावर कर ठरतो, परवाना ठरतो, डबीवर काय लिहिता येईल तेही ठरते. विद्यार्थ्यांनी हा निकाल जरूर वाचावा, रसायनशास्त्राइतकाच तो कामाला येतो.

या सगळ्या इतिहासात माझे आवडते उदाहरण मात्र फणेरपेटीतले आहे. कुंकवाच्या करंड्याशेजारी मेणाची डबी असे. आधी कपाळावर मेणाचे बोट, त्यावर कुंकू. कोरडी पूड त्वचेवर धरून ठेवायला बंधक लागतो, तो घामाने सुटू नये, कपाळाच्या उष्णतेने वितळून ओघळू नये, आणि पुसला की निघावा. या चारही अटी मधमाशीचे मेण पुरवते. कुंकूही घडवलेलेच : हळदीवर टाकणखार आणि क्षारांची क्रिया करून आणलेला लाल रंग. सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातले केम हे गाव या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. मेणात टाकणखार घातला तर मेणातल्या मोकळ्या आम्लांचा साबण होतो आणि कोल्ड क्रीम जमते. ही पश्चिमेकडची युक्ती. दुसऱ्या शतकातल्या गॅलेनच्या मेण, तेल आणि गुलाबपाण्याच्या मलमाला तिने स्थिर केले. एकाच फणेरपेटीत मेण आणि टाकणखार शेजारी होते आणि आपण त्यांची गाठ घातली नाही, याची मला कधी कधी हळहळ वाटते.

पुढे टिकली आली. सोयीची, स्वस्त, रंगीबेरंगी. काही बायकांच्या कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग पडू लागला, आणि भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी त्याचे एक कारण टिकलीमागच्या चिकट थरात शोधले. पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल हा त्यातला रेणू रंगपेशींना मारतो. मग जुने सगळे सुरक्षित आणि नवे सगळे घातक, असे म्हणावे? तर आपल्याच रानातला बिब्बा समोर उभा राहतो. त्याचे तेल अंगाला लागून उतलेला माणूस ज्याने पाहिला आहे, तो ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे वाक्य उच्चारणार नाही. उलट पेट्रोलियममधून आलेले, १८७२ मध्ये चेसब्रो यांनी पेटंट घेतलेले व्हॅसलिन नीट शुद्ध केलेले असेल तर त्वचेला सहसा काहीच करत नाही, पाणी मात्र उत्तम अडवते. ‘केमिकल-फ्री’ असे छापणाऱ्याला पाणी हेही रसायन आहे, याची आठवण करून द्यावी आणि पुढे जावे. त्याच्याशी वाद घालण्यात वेळ दवडू नये.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आता २०२० चे स्वतंत्र प्रसाधन नियम आहेत. विक्रीसाठी प्रसाधन बनवायचे तर राज्याच्या परवाना अधिकाऱ्याचा, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाचा, परवाना लागतो. डबीवर घटक, बॅच क्रमांक आणि कधीपर्यंत वापरावे हे लिहावे लागते. गोरेपणाच्या क्रीममध्ये पाऱ्याला बंदी आहे, कारण तो त्यातून अंगात जातो आणि मूत्रपिंडे बिघडवतो. प्राण्यांवरच्या चाचण्या २०१४ पासून बंद झाल्या. बचत गटाच्या ज्या भगिनी उटण्यावरून क्रीमकडे जाऊ पाहतात, त्यांनी गुंतवणुकीआधी हे प्रकरण वाचावे.

भोरमध्ये राजगड ज्ञानपीठाचे फार्मसी महाविद्यालय आहे, आणि बी. फार्म.च्या अखेरच्या सत्रात कॉस्मेटिक सायन्स हा ऐच्छिक विषय घेता येतो. त्यापुढे शिकायचे तर मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था आहे, नागपूर आहे. परंतु घरच्या मुलुखातच करण्याजोगे काम पडून आहे. वेल्हे-भोरच्या देवरायांची नोंद १९७० च्या दशकात डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक यांनी केली; तिथल्या गारंबीच्या अजस्र वेलींच्या बियांत सॅपोनिन असते. त्याचा फेस जड पाण्यात किती टिकतो हे मोजायला एक मोजनळी आणि एक घड्याळ पुरते. फक्त देवराईतून बी उचलायचे नाही. तिथली वाळकी काडीही न नेण्याचा रिवाज आपल्यापेक्षा जुना आहे. हिरड्याचा प्रकल्प त्याहून सोपा. एकच झाड निवडावे, मालकाला विचारावे, बाळहिरडा धरल्यापासून फळ सुरवारी होईपर्यंत दर पंधरवड्याला थोडी फळे तोडून सावलीत वाळवावीत आणि प्रत्येक खेपेचे टॅनिन मोजून तारखेसह लिहून ठेवावे. त्याची रीत सहाव्या प्रकरणात दिली आहे.